विद्युत्-घटाचा जनक : अलेस्सांद्रो व्होल्टा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर चढले, आणि त्याचा तडाखा शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांनाही बसला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले व पत्रे उडून गेले, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक वाड्यांत त्यानंतर बरेच दिवस विजेचा दिवा लागला नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले आणि जुलैत वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडवले. अंधार पुन्हा आला.

अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून हल्ली एक पेटी विकत मिळते. उन्हात ठेवलेल्या सौरपट्टीची वीज ती आपल्या पोटात साठवते आणि वीज गेल्यावर दिवा, पंखा व भ्रमणध्वनी यांना पुरवते. हातात धरून ती या खोलीतून त्या खोलीत नेता येते. पेटीच्या पाठीवर काही आकडे छापलेले असतात व त्यांतील एकापुढे ‘व्होल्ट’ असा शब्द असतो. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. वीज घटातून मिळवण्याची युक्ती ज्याने प्रथम शोधून काढली, त्या इटालियन शास्त्रज्ञाचे हे नाव होय.

अलेस्सांद्रो व्होल्टा याचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी कोमो या गावी झाला. उत्तर इटलीत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी एक लांबट, निळे सरोवर आहे. त्याच्या काठी हे गाव वसलेले आहे. घराणे सरदारांचे, परंतु वैभव ओसरलेले. घरातील बहुतेक पुरुष धर्मसेवेत गेलेले. अलेस्सांद्रो चार वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नसे, म्हणून हे मूल मंदबुद्धीचे निघणार असे घरच्यांना वाटू लागले होते, असे सांगतात. पण पुढे तो बोलू लागला तो असा, की सातव्या वर्षी बरोबरीच्या मुलांच्या पुढे निघून गेला. त्याच सुमारास वडील वारले आणि त्याचा सांभाळ चुलत्यांकडे आला.

त्याच्या लहानपणीची एक गोष्ट कोमोकडे सांगितली जाते. जवळच्या एका झऱ्याच्या तळाशी सोन्याचे कण चमकतात, असे त्याच्या कानावर आले. ते पाहण्यासाठी मुलगा वाकला, तोल जाऊन पाण्यात पडला आणि बुडता बुडता वाचला. चमकणारी वस्तू सोने नसून अभ्रक होती! ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ऐकलेल्या गोष्टीवर विसंबून न राहता ती स्वतः जवळून पाहावी ही त्याची खोड मात्र जन्मभर सुटली नाही.

जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. त्याची बुद्धी पाहून त्याने आपल्या पंथाची दीक्षा घ्यावी, असा प्रयत्न तेथील गुरुजनांनी केला. चुलत्यांना ते नको होते. त्यांची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. व्होल्टाने दोन्ही वाटा नाकारल्या. कोमोमध्ये गात्तोनी नावाचा त्याचा एक सधन मित्र होता. त्याने आपल्या घरी पदार्थविज्ञानाची उपकरणे जमवली होती आणि व्होल्टाला तेथे मुक्तद्वार दिले होते. विद्यापीठाची कोणतीही पदवी व्होल्टाने कधी मिळवली नाही. या मित्राची खोली हीच त्याची पाठशाळा झाली. वयाच्या अठराव्या वर्षी तो पॅरिसच्या नोले या नामांकित शास्त्रज्ञाशी विजेविषयी पत्रव्यवहार करू लागला होता, आणि चोविसाव्या वर्षी त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

त्या काळी वीज म्हणजे घर्षणाने निर्माण होणारी ठिणगी एवढाच अर्थ होता. काचेचा गोळा फिरवून त्यावर हात किंवा कातडे घासावे, ठिणगी पाडावी, पाहणाऱ्यांनी दचकावे, आणि खेळ संपावा. काचेच्या बरणीत ही वीज थोडा वेळ साठवता येई. पण बरणीला स्पर्श होताच सारा साठा एका क्षणात निघून जाई. झऱ्यासारखी सतत वाहणारी वीज कोणी पाहिली नव्हती.

१७७४ मध्ये व्होल्टाला कोमोच्या सरकारी शाळेत नेमणूक मिळाली. पुढच्या वर्षी त्याने एक साधे उपकरण सर्वांपुढे आणले. धातूच्या ताटलीत राळेची वडी ओतलेली. ती मांजराच्या कातड्याने किंवा लोकरीने घासायची. तिच्यावर काचेच्या मुठीची धातूची चकती ठेवायची, चकतीला क्षणभर बोट लावायचे आणि ती उचलायची. चकती विजेने भारलेली असे व तिच्यातून ठिणगी पडे. राळ पुन्हा न घासता ही कृती कितीही वेळा करता येई. या जातीचे उपकरण स्वीडनमधील विल्के याने आधी केले होते; परंतु त्याचे सोपे, टिकाऊ व सर्वांना वापरता येईल असे रूप व्होल्टाने सिद्ध केले, आणि त्याचे नाव युरोपभर झाले.

त्याचे लक्ष विजेपुरतेच नव्हते. १७७६ च्या हिवाळ्यात माज्जोरे सरोवरात होडीतून फिरत असता तो काठीने तळाचा चिखल ढवळत होता. चिखलातून बुडबुडे वर आले. तो वायू त्याने बाटल्यांत भरून घरी आणला, पेटवून पाहिला, आणि हा हायड्रोजनहून निराळा ज्वलनशील वायू आहे असे दाखवले. आज त्याला मिथेन म्हणतात. गोबरगॅसमध्ये मुख्यतः हाच वायू असतो. हा वायू बंद नळीत भरून विजेच्या ठिणगीने पेटवण्याचे एक ‘पिस्तूल’ही व्होल्टाने तयार केले. कोमोपासून मिलानपर्यंत लाकडी खांबांवरून तार नेली, तर येथे ठिणगी टाकून तेथे पिस्तूल उडवता येईल, अशी कल्पना त्याने १७७७ मध्ये मांडली होती. तारायंत्र प्रत्यक्षात येण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली.

१७७८ मध्ये पाव्हिया येथील जुन्या व प्रतिष्ठित विद्यापीठात तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. तेथे त्याने सुमारे चाळीस वर्षे काढली. फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी या देशांत प्रवास केला. लाव्हाझिए, लाप्लास, फ्रँक्लिन, प्रीस्टली अशा थोरांच्या भेटी घेतल्या. परंतु या काळातील त्याचे खरे काम ठिणग्यांचे नव्हते, मोजमापाचे होते.

विजेच्या संबंधात दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, हे त्याने स्पष्ट केले. एक विजेचा साठा आणि दुसरा विजेचा ताण, म्हणजे आज ज्याला दाब किंवा विभव म्हणतात तो. कोकणात डोंगरातला झरा पन्हळीने घरापर्यंत आणतात. पाणी किती उंचावरून येते ही एक गोष्ट, आणि वर किती पाणी साठलेले आहे ही दुसरी. उंच कड्यावर घागरभर पाणी असेल तर धार जोराची पण क्षणाची. सखल जागी मोठे तळे असेल तर धार संथ पण दिवसभराची. विजेचेही तसेच आहे. एखाद्या वस्तूतील विजेचा साठा हा तिची धारणशक्ती व तिच्यावरील ताण यांच्या गुणाकाराइतका असतो, हा नियम व्होल्टाने सांगितला. अतिशय मंद विजेचाही ताण कळावा म्हणून १७८२ मध्ये त्याने एक सूक्ष्म मापनयंत्र केले. या यंत्रानेच त्याला पुढे आयुष्यातील सर्वांत मोठ्या वादात साथ दिली.

तो वाद बेडकाच्या पायावरून झाला. बोलोन्या येथे लुईजी गाल्व्हानी नावाचे शरीरशास्त्राचे अध्यापक होते. स्वभावाने शांत, श्रद्धाळू आणि अत्यंत कष्टाळू. मेलेल्या बेडकाचे पाय पितळी आकड्यावर अडकवून तो आकडा लोखंडी कठड्याला टेकवला की पाय झटका देतात, असे त्यांना आढळले. जवळपास विजेचे कोणतेही यंत्र नव्हते. तेव्हा ही वीज प्राण्याच्या शरीरातच असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले आणि १७९१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपात खळबळ उडाली. प्राणशक्तीचे रहस्यच हाती लागले, असे अनेकांना वाटले. बेडकांवर तर संक्रांतच आली.

व्होल्टाने तो ग्रंथ वाचला. आरंभी त्याला गाल्व्हानींचे म्हणणे पटले व त्याने त्यांची मनापासून स्तुतीही केली. पण सवयीप्रमाणे त्याने सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले. तेव्हा एक बारीक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एकाच धातूची तार वापरली तर पाय जेमतेम हलतो; दोन भिन्न धातू जोडले तर जोराने उडतो. मग हा प्रताप बेडकाचा की धातूंचा? त्याने कथलाचा वर्ख जिभेच्या टोकावर ठेवला, मागे चांदीचे नाणे ठेवले आणि दोन्ही एकमेकांना टेकवली. जिभेवर आंबट चव आली. जिभेवर आंबट पदार्थ तर काहीच नव्हता. बेडकाचा पाय हा वीज निर्माण करीत नसून आलेली वीज फक्त दाखवतो, असे त्याचे मत बनत गेले.

गाल्व्हानींच्या बाजूनेही उत्तर आले. धातू मुळीच न वापरता, केवळ मज्जातंतू स्नायूला टेकवूनही पाय हलतो, असे दाखवण्यात आले. आज मागे वळून पाहता, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे म्हणावे लागते. सजीवांच्या मज्जातंतूंतून विजेचे संदेश जातात हे खरे आहे, आणि दोन धातूंमुळे वीज मिळते हेही खरे आहे. शिष्यांनी व चाहत्यांनी हा वाद कडवट केला. पण हे दोघे एकमेकांविषयी आदरानेच लिहीत राहिले. विद्वानांच्या भांडणात हे फारसे आढळत नाही.

याच काळात इटलीवर युद्धाचे ढग आले. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्प्स ओलांडून उतरल्या आणि जुनी राज्ये मोडून नवे प्रजासत्ताक स्थापन झाले. त्या राज्याशी निष्ठेची शपथ घेण्यास गाल्व्हानींनी नकार दिला. त्यांची जागा गेली, आणि ४ डिसेंबर १७९८ रोजी, मनाने खचलेल्या अवस्थेत, त्यांचा अंत झाला. व्होल्टाने राजकारणाशी फारसा झगडा केला नाही. जे राज्य येईल त्याच्याशी जुळवून घेत त्याने आपले काम चालू ठेवले. या बाबतीत त्याच्यापेक्षा गाल्व्हानींचा बाणा अधिक तेजस्वी होता, यात शंका नाही. तरीही संकटाने व्होल्टाला सोडले नाही. १७९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजा परत आल्या, पाव्हियाचे विद्यापीठ बंद झाले आणि त्याची नोकरी गेली. वय चौपन्न; उशिरा, १७९४ मध्ये विवाह केलेला; घरी पत्नी तेरेसा आणि तीन लहान मुलगे. तो कोमोला परतला. देशात युद्ध चालू, हाताला काम नाही, आणि मनात तोच एक प्रश्न.

दोन धातूंच्या एका जोडीतून मिळणारी वीज अतिशय क्षीण असते. ती वाढवायची कशी? नुसत्या चांदी-जस्ताच्या अनेक चकत्या एकावर एक ठेवून काही साधत नाही, हे त्याला कळून चुकले होते. समुद्रात टॉर्पेडो नावाचा एक मासा असतो. त्याला स्पर्श केल्यास विजेचा झटका बसतो. त्याच्या अंगातील वीज देणारा अवयव हा ओलसर चकत्यांच्या चवडींचा बनलेला असतो, हे शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. व्होल्टाने ही रचना ध्यानात घेतली. त्याने चांदीची चकती घेतली, तिच्यावर जस्ताची ठेवली, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठ्याचा तुकडा; पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, पुन्हा ओला पुठ्ठा. अशा वीस, तीस, चाळीस जोड्यांची चवड उभी झाली. ओल्या हातांनी तिची दोन टोके धरताच झटका बसला. हात काढून पुन्हा लावले, पुन्हा बसला. काही घासले नव्हते, काही फिरवले नव्हते. बरणीसारखा साठा रिकामाही होत नव्हता. मानवाने वाहती वीज प्रथमच आपल्या हाताने निर्माण केली होती.

त्याने या विजेची परीक्षा स्वतःच्या शरीरावरच घेतली. जिभेवर तिची चव पाहिली, डोळ्यांपुढे लखलखाट पाहिला. एकदा त्याने चवडीच्या तारा दोन्ही कानांत घातल्या. डोक्यात हादरा बसला आणि काहीतरी दाट द्रव रटरट उकळत असल्यासारखा आवाज ऐकू आला. हा प्रयोग मात्र त्याने पुन्हा केला नाही. मेंदूला इजा होईल अशी भीती त्याला वाटली, आणि ती रास्त होती.

त्याच्यापुढे आता व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. चवड आटोपशीर होती, पण वरच्या चकत्यांच्या भाराने पुठ्ठ्यांतले पाणी पिळून निघे, बाजूंनी ओघळे व पुठ्ठे लवकरच वाळून जात. मग वीज मंदावे. म्हणून त्याने दुसरी रचना केली. मिठाचे पाणी भरलेले काचेचे पेले ओळीने मांडले आणि चांदी-जस्ताच्या कमानींनी ते एकमेकांना जोडले. ही पेल्यांची माळ अधिक काळ टिके व दुरुस्तीला सोपी जाई. परंतु तिने सारे टेबल व्यापले जाई आणि ती हलवली की पाणी सांडे. टिकाऊपणा हवा की सुटसुटीतपणा, हा पेच होता. व्होल्टाने चवडीला बाहेरून मेण किंवा डांबर फासून ओल आत कोंडून ठेवण्याची युक्ती काढली. अशा बंद केलेल्या चवडी कित्येक आठवडे काम देत आणि कशाही उभ्या-आडव्या ठेवल्या तरी चालत. जेथे हवी तेथे उचलून नेता येणारी विजेची पेटी जगात पहिल्यांदा तयार झाली ती अशी.

रत्नागिरीतील कुटुंबाला आज अशी पेटी निवडताना याच पेचातून जावे लागते. फक्त धातू बदलले आहेत. शिशाची घटमाला स्वस्त पडते, पण जड असते. लिथियम व लोहाच्या फॉस्फेटची घटमाला महाग असते, परंतु वजनाने हलकी आणि हजारो वेळा भरता-रिकामी करता येण्याजोगी असते. पेटीवरचे आकडे वाचताना एक गुणाकार कामी येतो. १२.८ व्होल्ट व ४० अँपिअर-तास असे लिहिले असेल, तर गुणाकार ५१२ वॉट-तास होतो. म्हणजे घरच्या मीटरवरील सुमारे अर्धे युनिट. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास जाळले तर ९० वॉट-तास लागतात, कमी विजेवर चालणारा तीस वॉटचा पंखा आठ तास फिरवला तर २४०, आणि दोन भ्रमणध्वनी भरण्यास सुमारे ३०. बेरीज ३६०. विजेचे रूपांतर करताना काही भाग वाया जातो तो सोडला, तरी एक रात्र निभावते. मात्र साठा पुरेसा आहे म्हणून विहिरीवरचा पंप तिच्यावर चालेलच असे नाही. पेटी एका वेळी किती वॉट देऊ शकते हा निराळा आकडा आहे, आणि पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. त्यातही कोकणची अडचण अशी, की वीज जाते नेमकी आषाढ-श्रावणात, आणि सूर्यही तेव्हाच दडी मारून बसतो! वैशाखात भरपूर वीज देणारी सौरपट्टी ढगांखाली तिच्या लहानशा अंशावर येते. म्हणून वादळाची सूचना मिळताच पेटी घरच्या विजेवर भरून ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. सौरपट्टी पुढच्या उघडिपीसाठी. व्होल्ट, अँपिअर आणि वॉट ही पेटीवरची तीन नावे तीन माणसांची आहेत, आणि अँपिअर व वॉट हे दोघेही व्होल्टाचे समकालीन होते, हे येथे सांगण्यासारखे आहे.

२० मार्च १८०० रोजी व्होल्टाने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत एक दीर्घ पत्र लिहिले व आपला शोध सविस्तर कळवला. चकत्या केवढ्या असाव्यात, पुठ्ठा कशात भिजवावा, माळ कशी जोडावी, सगळे त्यात होते. त्याने काही राखून ठेवले नाही की हक्क सांगून पैसाही मागितला नाही. आणि तो त्या वेळी बेकार होता. युद्धामुळे टपालाचा भरवसा नव्हता. पत्राचा पहिला भाग आधी पोहोचला व उरलेला मागाहून. बँक्स यांनी तो पहिला भाग काही मित्रांना दाखवला. निकल्सन व कार्लाइल या दोघांनी लगेच नाण्यांची व जस्ताची चवड रचली आणि मे महिन्याच्या आरंभी तिच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन घटक वेगळे केले. व्होल्टाचे पत्र सोसायटीपुढे रीतसर वाचले जाण्याआधीच त्याच्या शोधाने असा दुसरा शोध जन्माला घातला होता.

त्याच वर्षी नेपोलियनने इटली पुन्हा जिंकली, विद्यापीठ उघडले आणि व्होल्टाला त्याची जागा परत मिळाली. १८०१ च्या नोव्हेंबरात तो पॅरिसला गेला आणि तेथील विद्वत्परिषदेपुढे त्याने आपले प्रयोग करून दाखवले. नेपोलियन स्वतः ते पाहण्यास बसला होता. व्होल्टाला सुवर्णपदक देण्यात आले. पुढे वर्षासन मिळाले, १८१० मध्ये काउंट हा किताब मिळाला.

एवढे असूनही आपल्या चवडीत वीज का निर्माण होते, याचे कारण व्होल्टाला अचूक उमगले नव्हते. दोन भिन्न धातूंचा नुसता स्पर्श झाला की वीज सुटते, आणि ती अखंड सुटत राहील, असे तो शेवटपर्यंत मानीत होता. खरे कारण ओल्या पुठ्ठ्यात होते. आमसुलाचे सार कल्हई न केलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आंबट रस धातूला खातो. चवडीतही मिठाचे पाणी जस्ताला असेच हळूहळू खात असते, आणि त्या झिजण्यातूनच वीज मिळते. जस्त संपले की वीज संपली. हे व्होल्टाच्या डोळ्यांसमोर घडत होते. चकत्यांवर गंज चढलेला त्याला दिसत होता. पण त्याने तो एक उपद्रव मानला. फुकटची, कधीही न संपणारी वीज या जगात नाही, हे पुढच्या पिढीने सिद्ध केले.

ती पिढी मोठी पराक्रमी निघाली. हंफ्री डेव्ही याने १८०७ मध्ये घटमालेच्या जोरावर पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये प्रथम वेगळी केली. १८१४ मध्ये डेव्ही इटलीत आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक गरीब घरचा तरुण साहाय्यक होता. मिलानमध्ये वृद्ध व्होल्टाची व त्याची भेट झाली. त्या तरुणाचे नाव मायकेल फॅरेडे. विद्युत्-जनित्राचे तत्त्व पुढे त्यानेच शोधून काढले. व्होल्टाच्या चवडीतील वीज एकदा संपली की संपली. ती पुन्हा भरता येत नसे. ही उणीव फ्रान्समधील प्लांते याने १८५९ मध्ये शिशाच्या घटाने दूर केली. सूर्याच्या उजेडापासून सरळ वीज देणारा सिलिकॉनचा उपयुक्त घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला, आणि लिथियमचे पुन्हा भरता येणारे घट १९९१ मध्ये बाजारात आले. पुन्हा भरता येणारा घट व सिलिकॉनची पट्टी एकत्र आल्यावर सौरपेटी शक्य झाली.

व्होल्टाचे उत्तरायुष्य शांत गेले, परंतु सुखाचे सगळेच नव्हते. १८१४ मध्ये त्याचा तरुण मुलगा फ्लामिनिओ वारला. ते दुःख त्याला फार लागले. पॅरिसच्या सन्मानानंतर त्याच्या हातून नवे असे संशोधन झाले नाही. त्याची राहणी साधी होती, घराचा ओढा मोठा होता, आणि मानमरातबापेक्षा त्याला कोमोजवळचे आपले काम्नागो हे खेडे प्रिय होते. नोकरीतून मोकळे करावे म्हणून त्याने अनेकदा विनंती केली. अखेर १८१९ मध्ये तो निवृत्त होऊन तेथे राहावयास गेला. ५ मार्च १८२७ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच दिवशी पॅरिसमध्ये त्याचा जुना परिचित, थोर गणिती लाप्लास हाही मरण पावला. काम्नागो या खेड्याच्या नावाला पुढे व्होल्टाचे नाव जोडण्यात आले, आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत्-शास्त्रज्ञांच्या परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला ‘व्होल्ट’ हे नाव दिले.

घटाच्या शोधाला शंभर वर्षे होत आली तेव्हा, १८९९ मध्ये, कोमो येथे मोठे प्रदर्शन भरवण्यात आले. व्होल्टाने स्वतः हाताळलेली उपकरणे, त्याच्या चवडी व त्याच्या चकत्या तेथे मांडल्या होत्या. ८ जुलै रोजी प्रदर्शनाच्या लाकडी मंडपाला आग लागली आणि त्यांतील पुष्कळशा वस्तू जळून गेल्या. ज्या वाचल्या त्या, आणि जुन्या वर्णनांवरून पुन्हा घडवलेल्या प्रतिकृती, सरोवराच्या काठी १९२८ मध्ये उघडलेल्या व्होल्टाच्या स्मृतिमंदिरात आज पाहावयास मिळतात.